हार्डस्पेस शिपब्रेकर: एकट्याने, निवांतपणे जहाज कसं मोडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवसभराचं काम संपल्यावर तासभर एकट्याने खेळता येईल, कुणाशी लढाई नाही, घाई नाही, असं अंतराळातलं भंगाराचं काम हवं होतं. म्हणून हार्डस्पेस शिपब्रेकर हा व्हिडिओ गेम घेतला. पण पहिली जहाजं स्फोटातच गेली आणि डोक्याला शांतता मिळण्याऐवजी ताप झाला. चुकतंय कुठे?

चुकतंय ते क्रमात. हा गेम अतिशय शांत आहे, पण ती शांतता आधी कमवावी लागते. जहाजात जीव घेणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात: कोंडलेली हवा, नळ्यांमधलं इंधन, वीज आणि रिॲक्टर. या गोष्टी ठरलेल्या क्रमाने निकामी केल्या की उरतो तो फक्त सांगाडा आणि पत्रा, आणि तो तासन्‌तास गाणी ऐकत सोडवत बसता येतो. बहुतेक नवे खेळाडू उलटं करतात. कटर हातात आला की समोर दिसेल तो पत्रा कापायला घेतात, आणि त्या पत्र्यामागे काय आहे हे त्यांना स्फोट झाल्यावर कळतं.

आधी सेटिंगचं बोलू, कारण अर्धा ताप तिथेच जातो. करिअर सुरू करताना अडचणीची पातळी निवडायला मिळते. त्यात ‘ओपन शिफ्ट’ निवडा. यात पाळीचं घड्याळ चालत नाही, प्राणवायू संपत नाही आणि कितीही वेळा मेलात तरी नवा देह मिळतो. ‘स्टँडर्ड’मध्ये पाळीला वेळेची मर्यादा असते आणि ऑक्सिजनच्या टाक्या विकत घेत राहाव्या लागतात. ‘नो रिव्हायव्हल’मध्ये एक मरण आलं की करिअर संपलं. घड्याळाशी शर्यत ज्यांना आवडते त्यांच्यासाठी त्या पातळ्या उत्तम आहेत, पण तुम्ही मागताय ते त्यात नाही. ‘ओपन शिफ्ट’ घेणं म्हणजे पळवाट, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. घड्याळ काढलं की या गेममधलं खरं कौशल्य, म्हणजे जहाजाची रचना वाचणं, जास्त स्पष्ट दिसतं.

कथेचंही एक आहे. करिअरमध्ये तुम्ही लिंक्स नावाच्या कंपनीचे कामगार असता, डोक्यावर सव्वाशे कोटी क्रेडिट्सच्या आसपास कर्ज असतं, आणि रेडिओवरून सहकारी व मुकादम बोलत राहतात. कामगार संघटनेची ती कथा मनापासून लिहिलेली आहे, एकदा जरूर ऐका. मात्र त्या बोलण्याने एकाग्रता मोडत असेल तर ‘फ्री प्ले’ आहे. तिथे कर्ज आणि कथा बाजूला राहतात, जहाज आणि धोक्याची पातळी आपण निवडायची.

आता गोदी समजून घ्या. जहाज मध्यभागी तरंगत असतं. भोवती माल टाकायच्या तीन जागा: फर्नेस (भट्टी), प्रोसेसर आणि खाली बार्ज (माल जमा करायचा तराफा). नारिंगी खूण फर्नेसची, निळी प्रोसेसरची, हिरवी बार्जची. ढोबळ नियम असा की ॲल्युमिनियम फर्नेसमध्ये जातं, बाहेरचे नॅनोकार्बनचे पॅनल प्रोसेसरमध्ये, आणि जे जसंच्या तसं पुन्हा वापरता येईल ते बार्जवर: थ्रस्टर (जहाज ढकलणारी इंजिनं), रिॲक्टर, संगणक, खुर्च्या, पॉवर सेल, इंधनाच्या टाक्या. पाठ करायची गरज नाही. वस्तूवर रोखून पाहिलं की तिचं नाव, वजन आणि ती कुठे जाणार याची रंगीत खूण पडद्यावर येते. चुकीच्या ठिकाणी गेलेली वस्तू नष्ट होते आणि तिची किंमत बुडते. जोडलेल्या तुकड्यांचंही तसंच: नॅनोकार्बनचं पॅनल ॲल्युमिनियमच्या पट्टीला चिकटलेलं असतानाच फर्नेसमध्ये गेलं, तर पट्टीचे पैसे मिळतात आणि पॅनल वाया जातं. म्हणून आधी सोडवायचं, मग पाठवायचं.

फर्नेस आणि प्रोसेसर दोघांच्याही तोंडाशी ओढ असते. माल नीट आत जावा म्हणून ती आहे, पण ती तुम्हालाही ओढते. तोंडासमोर उभं राहून पॅनल ढकलत बसू नका. लांबून सोडा, बाजूला व्हा.

हालचालीची सवय लागायला थोडा वेळ द्या. इथे ‘थांबणं’ आपोआप होत नाही. दिलेला वेग तसाच राहतो, विरुद्ध दिशेने जोर द्यावा लागतो किंवा ब्रेकची कळ दाबावी लागते. पत्र्यावर वेगाने आदळलात तर हेल्मेटला तडे जातात. हात जवळच्या पृष्ठभागावर टेकवून धरून ठेवण्याची सोय आहे, कापताना ती वापरा. ज्यांना गरगरतं त्यांनी बार्ज म्हणजे ‘खाली’ असं पक्कं धरावं आणि प्रत्येक हालचालीनंतर रोल करून स्वतःला त्या दिशेशी जुळवून घ्यावं. बहुतेकांचं गरगरणं एवढ्याने कमी होतं.

आता प्रत्यक्ष काम. मॅकरेल घ्या. गेममधलं हे सर्वांत सोपं जहाज: पुढे कॉकपिट, मध्ये माणसांची किंवा मालाची जागा, मागे इंजिन. हलका माल वाहणारं, जड माल वाहणारं, प्रवासी नेणारं, प्रयोगशाळा असलेलं असे त्याचे प्रकार येतात, पण सांगाडा तोच.

पहिलं काम हवेचं. कटर बंद ठेवून आधी स्कॅनर लावा आणि जहाजाभोवती एक पूर्ण फेरी मारा. भिंतीआड काय आहे, कट पॉइंट (पॅनल आणि सांगाडा जोडणारे सांधे) कुठे आहेत, नळ्या कुठून जातात हे दिसतं. मग एअरलॉकमधून आत जा. आत हवा भरलेली असताना काच फुटली किंवा बाहेरचा पत्रा कापला गेला, तर सगळी हवा एका झटक्यात बाहेर येते. खुर्च्या, दारं, पॅनल, तुम्ही, सगळं एकमेकांवर आपटतं, आणि त्यात एखादी इंधनाची नळी फुटली तर पुढचं सांगायला नको. म्हणून आतला ॲटमॉस्फेरिक रेग्युलेटर शोधा. भिंतीवरचं यंत्र आहे, त्याची कळ दाबली की त्या खोलीतली हवा सावकाश काढली जाते. तुम्ही सूट घातलेला आहे, आत उभं राहिलात तरी काही होत नाही.

इथे एक युक्ती खूप उपयोगी पडते. दार उघडं असेल तर दोन खोल्या मिळून एकच जागा धरली जाते. त्यामुळे ज्या खोलीत रेग्युलेटर नाही तिचं आतलं दार आधी उघडायचं, ती रेग्युलेटर असलेल्या खोलीला जोडायची, आणि मग कळ दाबायची. गेकोसारख्या मोठ्या जहाजात आतली सगळी दारं अशी उघडून एकाच रेग्युलेटरवर बरीच जागा रिकामी करता येते. मात्र एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला निर्वात असेल तर ते दार जबरदस्तीने उघडू नका. झटका तिथेच बसतो.

हवा गेली की आतला सुटा माल काढा. खुर्च्या, टर्मिनल, पेट्या, पॉवर सेल. ग्रॅपलने, म्हणजे लांबून वस्तू पकडून ओढायच्या अवजाराने, पकडायचं, दाराबाहेर आणायचं, बार्जच्या दिशेने हलकेच फेकायचं. निवांतपणाचा पहिला खरा टप्पा हा. पॉवर सेल मात्र जपून हाताळा: कटरची धार त्यांना लागली तर वीज सुटते आणि आजूबाजूच्या यंत्रांतून फिरते. म्हणूनच ते कापाकापी सुरू होण्याआधी बाहेर काढायचे.

दुसरं काम इंधनाचं. मागच्या थ्रस्टरना टाकीतून इंधन नेणाऱ्या नळ्या असतात. थ्रस्टर तसेच ओढून काढले तर नळीतलं इंधन पेटतं, आग टाकीपर्यंत जाते आणि मागचा अर्धा भाग उडतो. इंजिनाच्या भागात फ्यूल फ्लशचा खटका असतो. तो ओढा आणि नळ्या रिकाम्या होईपर्यंत थांबा, काही सेकंदांचं काम आहे. खटका ओढून लगेच थ्रस्टरला हात घालणं ही अगदी नेहमीची चूक. खरी जहाजं जिथे मोडतात त्या मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातच्या अलंगमध्येही गॅस कटर पेटवायच्या आधी टाक्या ‘गॅस फ्री’ कराव्या लागतात, कारण धोका तोच: उरलेल्या इंधनाची वाफ आणि ज्योत. गेम बनवणाऱ्या ब्लॅकबर्ड इंटरॅक्टिव्हने हा क्रम नेमका पकडला आहे, म्हणूनच ते काम खरं वाटतं.

फ्लश झाल्यावर थ्रस्टर आणि टाकी मोकळ्या करून बार्जवर पाठवा.

तिसरं काम रिॲक्टरचं, आणि इथे घाई केली की जहाज गेलंच. रिॲक्टर जागेवरून उपटला की तो तापायला लागतो आणि उलटी मोजणी सुरू होते. बार्जवर पोचला की शांत होतो. वाटेत राहिला तर फुटतो. त्यामुळे त्याला हात लावण्याआधी त्याची वाट मोकळी करायची. रिॲक्टरपासून बार्जपर्यंत सरळ रेषा कल्पून बघा. मध्ये येणारा खालचा किंवा मागचा पत्रा, तिरकी पट्टी, तरंगणारं पॅनल, सगळं आधी काढा. मग दोन टेदर तयार ठेवा; टेदर म्हणजे दोन टोकं लावली की वस्तूला आपोआप खेचून नेणारी दोरी. रिॲक्टर ग्रॅपलने खेचून सुटा करा, बाहेर येताच एक टेदर रिॲक्टरला आणि त्याचं दुसरं टोक बार्जला लावा. तो स्वतःहून खाली जाईल. पहिला टेदर कुठे अडकला तर दुसरा लावायचा. वाट मोकळी असेल तर मोजणी संपायच्या कितीतरी आधी हे काम होतं. वाट मोकळी नसताना काही लोक रिॲक्टर आधी काढतात आणि तो हातात धरून जहाजातून बाहेर पडायचा रस्ता शोधतात. ती चूक पुन्हा पुन्हा होते.

इथवर आलात की जहाज मेलं. आता त्यात स्फोट होण्यासारखं जवळपास काही उरलेलं नाही, आणि तुम्हाला हवी ती शांतता इथून सुरू होते.

कापण्याचं तंत्र. कटरला दोन रूपं आहेत. स्टिंगर म्हणजे एका बिंदूवरची अखंड धार. स्प्लिटसॉ म्हणजे एका झटक्यात लांब सरळ रेष, आडवी किंवा उभी फिरवता येणारी. सुरुवातीला स्प्लिटसॉ विसरून जा. ती रेष समोरचा पत्रा कापून थांबत नाही, टप्प्यात असेल ते मागचंही कापते. स्टिंगर कट पॉइंटसाठी. कट पॉइंट म्हणजे पॅनल आणि सांगाडा जोडणारे पिवळे सांधे. ते आतल्या बाजूने वितळवले की पॅनल अखंड सुटतं, काही वाया जात नाही. नॅनोकार्बनचं पॅनल कटरने कापलं जातच नाही, त्यामुळे बाहेरून झगडणं फुकट आहे. आत जा, स्कॅनर लावा, पिवळे सांधे मोजा आणि एका बाजूने सुरुवात करून दुसऱ्या बाजूला संपवा. मध्येच इकडचा एक, तिकडचा एक असं केलं तर कुठलं पॅनल कशाने अडकलं आहे तेच कळेनासं होतं.

स्टिंगर फार वेळ चालू ठेवला तर तापतो आणि थोडा वेळ बंद पडतो. एक सांधा, श्वास, दुसरा सांधा, अशी लय धरली तर तापायची वेळच येत नाही. ही लय सापडली की पार्श्वभूमीचं गिटारचं संगीत आणि काम एकमेकांत मिसळतात. माझ्या मते या गेमचं सगळ्यात सुंदर रूप तेच.

तिरक्या कोनात धरलेल्या स्टिंगरची धारही सांध्यापलीकडे जाते, हे लक्षात ठेवा. सांध्यामागे पाइप किंवा पॉवर सेल असेल तर जागा बदला, धार रिकाम्या अवकाशाकडे जाईल असे उभे राहा.

आता जड पॅनल हलवण्याचं. ग्रॅपल ठरावीक वजनापर्यंतच वस्तू उचलतो. त्यापुढच्या वस्तूला खेचायला गेलात तर वस्तू हलायच्या ऐवजी तुम्हीच तिच्याकडे ओढले जाता. टेदर यासाठीच. एक टोक पॅनलला, दुसरं प्रोसेसरच्या आतल्या भिंतीला. मोठं पॅनल एका टेदरने निघालं तर एका टोकाने फिरतं, वळतं आणि तोंडाच्या कडेवर आपटतं. म्हणून दोन टोकांना दोन टेदर, शक्य तेवढे सारख्या अंतरावर. वजनाने मोठा भाग असेल तर चार. निघाल्यावर त्याच्या वाटेत राहू नका. हळू दिसणारं पॅनलही थांबत नाही आणि माणसाला दोन पत्र्यांमध्ये चिरडतं. पॅनल सोडल्यावर लगेच दुसऱ्या बाजूच्या कामाला लागा, म्हणजे ते पोचेपर्यंतचा वेळही मोकळा जात नाही आणि नजरही दूर राहते.

जास्त वेगाने गेलेलं पॅनल आपटून परत उडतं, तरंगत गोदीबाहेर निघून गेलं तर वाया जातं. त्यामुळे टेदरची संख्या गरजेपुरतीच. जोर जास्त म्हणजे काम लवकर, असं इथे नसतं.

सांगाडा उरतो तो शेवटी. ॲल्युमिनियमच्या मोठ्या चौकटी इथे स्प्लिटसॉने कापता येतात, कारण मागे काही धोक्याचं राहिलेलं नाही. तुकडे एवढे मोठे ठेवा की दोन-तीन टेदरमध्ये फर्नेसकडे जातील. बारीक चिंधड्या करण्यात अर्थ नाही. कापलेल्या रेषेतला धातू जळून जातो आणि तेवढी किंमत कमी होते.

लिंक्स टोकन, म्हणजे अवजारं सुधारण्यासाठीची टोकन, मिळू लागले की ते कशावर खर्च करायचे? निवांत खेळणाऱ्यासाठी माझा क्रम असा: आधी जास्त टेदर बाळगण्याची क्षमता, मग ग्रॅपलची वजन पेलण्याची ताकद, मग स्टिंगर. हेल्मेट आणि ब्रेकची सुधारणा वेळ मिळेल तशी. टेदर संपला की दुकानापर्यंत जायची फेरी पडते आणि लय तुटते, म्हणून तो पहिला.

पुढची जहाजं. मॅकरेलचे सगळे प्रकार हातखंडा झाले की गेको घ्या. ते मोठं आहे, खोल्या जास्त आहेत आणि त्यात शीतकाच्या टाक्या आणि नळ्या येतात. त्या फुटल्या तर आजूबाजूचं सगळं गोठतं, त्यात तुम्हीही आलात. इंधनासारखंच, आधी स्कॅनरने शोधा आणि मग जवळचं काही कापा. जॅव्हेलिन लांबलचक, सारख्या भागांचं जहाज आहे. एक भाग कसा सुटतो हे कळलं की बाकीचे तसेच. शनिवार-रविवारच्या लांब बैठकीला माझी पसंती त्यालाच. ॲटलस हे दुसऱ्या जहाजांना ओढणारं, जाड चिलखताचं जहाज, क्वासार नावाच्या थ्रस्टरचं. ते निवांतपणासाठी नाही, निदान पहिल्या काही महिन्यांत नाही. प्रत्येक जहाजाला धोक्याची पातळीही असते. मन थकलेलं असेल त्या दिवशी मोठं जहाज कमी पातळीवर घेण्यापेक्षा ओळखीचं मॅकरेल घ्या. ओळखीची रचना डोक्याला जास्त विश्रांती देते.

कुणी स्टार सिटिझन हा दुसरा अंतराळाचा गेम सुचवला असेल तर तेही सांगतो. त्यात ड्रेक व्हल्चर नावाचं एकट्याने चालवायचं भंगाराचं जहाज आहे. तुटलेल्या जहाजावरून आवरण खरवडून त्याचा माल बनवायचा आणि विकायचा. काम सुखाचं आहे. मात्र ते जग सगळ्यांचं मिळून आहे. दुसरा खेळाडू येऊन तुमच्यावर गोळ्या झाडू शकतो आणि सर्व्हर कोसळला तर कामही जाऊ शकतं. ज्याला हमखास शांत तास हवा त्याने हार्डस्पेसच धरावा.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. जेवणाची हाक आली, फोन आला, तर मध्येच गेम बंद करू नका. पाळी संपवून हॅबमध्ये (तुमच्या राहायच्या खोलीत) जा आणि मग बाहेर पडा, म्हणजे अर्धवट मोडलेलं जहाज पुढच्या पाळीला आहे तसं मिळतं. आणि थांबायची जागा निवडायची असेल तर रिॲक्टर बार्जवर गेल्यानंतरची निवडा. परत आल्यावर सांधा दिसला की थेट कटर काढता येतो, कुठे काय जिवंत आहे हे आठवत बसावं लागत नाही.